प्रस्तावना : पाच मूळ आहे, पण कुठे?

6174 ही संख्या आता बऱ्याच मराठी मुलांना ठाऊक असते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून दुसरी, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 1905 घेतलं तर 9510 वजा 0159, म्हणजे 9351. पुढे 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174. तिथून पुढे गाडी हलत नाही, कारण 7641 वजा 1467 पुन्हा 6174 च. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. 1905 मुद्दाम घेतलं. ही गंमत शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्या वर्षी 17 जानेवारीला डहाणूत जन्मले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आम्हा पालघरकरांना एक जगप्रसिद्ध गणिती आयता मिळाला.

कापरेकर 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर होते. 6174 ची गोष्ट त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पदवीपुढची पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी त्यांना हौशी म्हणून बाजूला ठेवलं. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं. त्या वेळी ते सत्तरीचे होते.

तरी हे पुस्तक कापरेकरांवर नाही. त्यांच्या संख्येपासून सुरुवात केली ती एका प्रश्नासाठी. 6174 ला येऊन थांबणं हा गुण कोणाचा? संख्येचा, की आपण ती दहाच्या पटीत लिहितो त्या लिखाणाचा? पडताळा सोपा आहे. हाच खेळ द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, चार अंकांत खेळा. 1000 वजा 0001 म्हणजे 0111, आणि 1110 वजा 0111 पुन्हा 0111. म्हणजे आपल्या भाषेत 7. पण दोन एक आणि दोन शून्यं घेतली, तर 1100 वजा 0011 म्हणजे 1001, आणि तिथेच मुक्काम. म्हणजे 9. एकाच्या जागी दोन मुक्काम निघाले आणि 6174 चा पत्ताच नाही. उलट 6174 = 2 × 3 × 3 × 7 × 7 × 7 ही गोष्ट दहात लिहा, दोनात लिहा, नाहीतर भिंतीवर तितक्या रेघा ओढा, बदलत नाही. पहिला गुण लिपीचा, दुसरा संख्येचा.

गणिती हार्डीने 1940 च्या आपल्या पुस्तकात 8712 आणि 9801 यांचं उदाहरण देऊन अशा अंकांच्या गमतींना गंभीर गणितात जागा नाकारली होती. (8712 ही 2178 ची चौपट आणि 9801 ही 1089 ची नऊपट, अंक उलटे केले आहेत, बस.) माझ्या मते हार्डी निम्मा बरोबर होता. अंकांची गंमत लिपीवर अवलंबून असते हे खरं, पण ‘हे कशावर अवलंबून आहे?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून काढायला त्याहून चांगलं साधन मला माहीत नाही. आणि तो प्रश्न एकदा विचारायची सवय लागली की तो लिपीपाशी थांबत नाही.

आता 5 घ्या. 5 ही मूळ संख्या आहे, हे सहावीतलं मूल सांगतं. लिपी बदलली तरी ते खरंच राहतं. पण संख्यांचं राज्य बदललं तर? पूर्णांकांच्या जोडीला −1 चं वर्गमूळ घेतलं, त्याला i म्हटलं, आणि 2 + i, 3 − 4i अशा संख्यांनाही ‘पूर्णांक’ मानलं. गाउसने हे 1832 मध्ये नीट मांडलं. या राज्यात (2 + i) × (2 − i) म्हणजे 4 + 1, म्हणजे 5. पाचाचे अवयव पडले. 13 चेही पडतात, (3 + 2i) आणि (3 − 2i). 7 मात्र तिथेही मूळच राहते, 11 सुद्धा. नियम असा की 4 ने भागून बाकी 1 उरणाऱ्या मूळ संख्या फुटतात आणि बाकी 3 उरणाऱ्या फुटत नाहीत. फुटणाऱ्या नेमक्या त्याच आहेत, ज्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात. म्हणजे साध्या पूर्णांकांबद्दलचा जुना प्रश्न, कोणती मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होते हा, बाहेरच्या मोठ्या राज्यात गेलं की सहज सुटतो. संख्यांच्या निरनिराळ्या व्यवस्थांमधल्या नात्यांकडे गणिती का बघतात, याचं हे सगळ्यात छोटं उत्तर आहे.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे. संख्या म्हणजे काय यावर डोकं शिणवण्यापेक्षा एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना काय टिकतं, काय हरवतं आणि काय नवं हाती लागतं, याचा हिशेब ठेवा. गणित त्या हिशेबात आहे.

शाळेत हा प्रवास आपण सगळेच करतो, पण कोणी सांगत नाही की आपण प्रवासात आहोत. दुसरीत ‘तीनातून पाच जात नाहीत’, सातवीपर्यंत जातात आणि उणे दोन उरतात. आधी ‘सातला दोनाने पूर्ण भाग जात नाही’, मग साडेतीन. आठवीत अपरिमेय संख्या येतात. अकरावीला ‘उणे एकाला वर्गमूळ नसतं’ हेही मोडतं. मुलाला वाटतं गुरुजी दरवर्षी शब्द फिरवतात. शब्द कोणी फिरवत नाही; दर वेळी घर मोठं होतं, आणि ‘या घरात’ हे दोन शब्द म्हणायचे राहून जातात.

हे घर मोठं करताना माणसाने किती खळखळ केली, हा इतिहास वाचण्यासारखा आहे. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्य, धन आणि ऋण यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम दिले. भास्कराचार्य त्यानंतर पाचशे वर्षांनी आला. चाळीसगावजवळ पाटण इथल्या 1207 च्या शिलालेखात त्याच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, म्हणून तो आपल्याला जवळचा. त्याच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन कमी करून जे येईल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत शिरली, एक बाहेर राहिलं. तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, 50 आणि 5. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, वजा तीन सात, सातचा वर्ग 49, अधिक एक 50. आता पाच घ्या. पाचवा हिस्सा एक, वजा तीन म्हणजे उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक पाच. आकडेमोड चोख. तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर सोडून देतो, कारण उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही. मला या जागी तो फार आवडतो. ऋण संख्यांचे नियम त्याला पाठ होते. प्रश्न ज्या जगातला, उत्तर त्या जगात परत यायला हवं, हे त्याने पाहिलं. ऋण संख्येला वर्गमूळ नाही असंही तो स्पष्ट म्हणतो, आणि त्याच्या घरात ते खरंच आहे.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी माणूस पूर्वी फार सराईत होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुलं घोकत. साडेतीनचा पाढा पाठ असणारा माणूस पूर्णांक आणि परिमेय यांमध्ये भिंत मानत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकाच दुकानातला माल. हे पाढे गेले. ते परत आणा असं माझं म्हणणं नाही, पण त्यांच्याबरोबर ती सहजताही गेली.

युरोपात बोम्बेलीने 1572 मध्ये ऋणांची वर्गमुळं वापरली, तीही अवघडून, त्रिघाती समीकरणाचं खरं उत्तर काढण्यापुरती. आर्गांने 1806 मध्ये त्यांना कागदावर जागा दिली: आडव्या रेषेवर वास्तव, उभ्या रेषेवर काल्पनिक. खरी झाडाझडती एकोणिसाव्या शतकात झाली. हॅमिल्टनने संमिश्र संख्या म्हणजे वास्तव संख्यांच्या जोड्या असं मांडलं आणि 16 ऑक्टोबर 1843 ला डब्लिनमधल्या एका पुलावर त्याला चार घटकांच्या संख्या सुचल्या. 1872 मध्ये डेडेकिंड आणि कँटर यांनी निरनिराळ्या मार्गांनी परिमेय संख्यांपासून वास्तव संख्या रचल्या. 1889 मध्ये पेआनोने नैसर्गिक संख्या मोजक्या गृहीतकांवर उभ्या केल्या. तळापासून वरपर्यंत सगळी इमारत बांधता येते हे सिद्ध झालं.

इथे पंथ पडतात. एक पंथ बांधणाऱ्यांचा: संख्या म्हणजे ती ज्या रीतीने रचली ती रचना. दुसरा हिल्बर्टचा, 1900 च्या सुमाराचा: कशी रचली याचं मला काय, ती कोणते नियम पाळते ते सांगा. तिसरा ब्राउवरचा, जो म्हणतो की हातात काढून दाखवता येत नाही ती गोष्ट ‘आहे’ म्हणू नका. आपल्याकडे याचे अनुयायी थोडे, पण संगणकशास्त्राने त्याला नवं आयुष्य दिलं. बांधणाऱ्यांची पंचाईत 1965 मध्ये तत्त्वज्ञ बेनासेराफने चव्हाट्यावर आणली. संचांपासून 2 रचण्याची त्सेर्मेलोची रीत वेगळी, फॉन नॉयमनची वेगळी. दोन्हींत 2 + 2 = 4 च. मग खरा 2 कुठला? त्याचा निष्कर्ष असा की कुठलाच नाही; संख्येला तिच्या जागेपलीकडे वेगळं काही नसतं. आज काम करणारे बहुतेक गणिती मनातून याच बाजूचे असतात. नैसर्गिक 2 आणि वास्तव 2 ‘तेच’ आहेत का, असं त्यांना विचारलं तर ते म्हणतील, दोघांना जोडणारा एकच नैसर्गिक रस्ता आहे आणि त्यावर बेरीज, गुणाकार, लहानमोठेपणा सगळं शाबूत राहतं. एवढं पुरे.

रस्त्यावर सगळंच शाबूत राहतं असं मात्र नाही. नैसर्गिक संख्यांच्या कुठल्याही ढिगात सगळ्यात लहान एक असतेच. पूर्णांकांत गेलो की ही हमी गेली. परिमेय संख्यांत ‘पुढची संख्या’ हा शब्द निरर्थक होतो. वास्तव संख्या तर क्रमांक लावून यादीत बसत नाहीत. संमिश्र संख्यांत प्रत्येक बहुपदी समीकरणाला उत्तर मिळतं, पण लहानमोठं गेलं. हॅमिल्टनच्या संख्यांत गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्यापुढच्या आठ घटकांच्या संख्यांत कंस हलवायचीही सोय राहत नाही.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट वाचकांना चकवते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. मोठी व्यवस्था म्हणजे जास्त अवघड, असं आपण धरून चालतो. बहुपदी समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे 1970 मध्ये मत्तियासेविचने सिद्ध केलं. त्याआधीचं मोठं काम डेव्हिस, पटनम आणि जुलिया रॉबिन्सन यांचं. हाच प्रश्न वास्तव संख्यांत विचारा. तिथे रीत आहे, टार्स्कीने ती 1948 मध्ये प्रसिद्ध केली. अथांग वास्तव संख्या सोप्या आणि बोटांवर मोजायच्या पूर्णांक अवघड! कारण असं की बेरीज-गुणाकाराच्या भाषेत वास्तव संख्यांमधून पूर्णांक वेगळे काढूनच दाखवता येत नाहीत; ते आत असूनही दिसेनासे होतात. परिमेय संख्यांचं काय? तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

परिमेय संख्यांपासून पुढे जाणारा रस्ता वास्तवाकडचा एकच नाही, हेही शाळेत कळत नाही. ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ बदला. दोन संख्यांमधला फरक 2 च्या मोठ्या घाताने भागला जात असेल तर त्या जवळच्या, असं ठरवा. मग 1024 ही शून्याच्या फार जवळ येते आणि 1 + 2 + 4 + 8 + … ही बेरीज चक्क −1 होते. थट्टा वाटेल, पण संगणक उणे संख्या अशाच साठवतो. चार जागांच्या द्विमान यंत्रात 1111 मध्ये 1 मिळवला की हातचा बाहेर पडतो आणि 0000 राहतात, म्हणून 1111 म्हणजे −1. मोटरसायकलच्या जुन्या मीटरवर 99999 नंतर 00000 येतात, तोच न्याय. हेन्सेलने 1897 मध्ये प्रत्येक मूळ संख्येसाठी अशी एकेक व्यवस्था उभारायला सुरुवात केली. 1916 मध्ये ऑस्ट्रोव्स्कीने दाखवलं की परिमेय संख्यांत अंतर मोजण्याच्या खऱ्या वेगळ्या रीती एवढ्याच: एक आपली नेहमीची आणि प्रत्येक मूळ संख्येमागे एक.

मूळ संख्यांवर बेतलेल्या व्यवस्थांच्या या भागात मराठी नाव शोधायचं तर श्रीराम अभ्यंकरांचं. 1930 साली उज्जैनला जन्म, हार्वर्डमध्ये झारिस्कींकडे संशोधन, 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान. मूळ संख्या p इतक्या वेळा 1 मिळवला की शून्य येतं अशा व्यवस्थांमध्ये वक्रपृष्ठांच्या टोकदार, दुमडलेल्या जागा सरळ करता येतात का, हा प्रश्न होता. द्विमितीय पृष्ठांसाठी त्यांनी तो 1956 मध्ये सोडवला. नेहमीच्या, 1 कितीही वेळा मिळवला तरी शून्य न येणाऱ्या व्यवस्थांत हिरोनाकाने 1964 मध्ये सगळ्याच मितींचं उत्तर दिलं. p च्या राज्यात चार आणि त्यापुढच्या मितींचं उत्तर आजही कोणाकडे नाही. प्रश्न तोच, भूमी बदलली की तो साफ वेगळा होतो.

आता हे सगळं पालघर-बोईसरला कशाला, असं कोणी विचारेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्याचं वीजबिल काढा. मोटारी ज्या कारखान्यात जास्त, तिथे दाब आणि प्रवाह एका तालात चालत नाहीत. समजा प्रत्यक्ष कामाला 80 किलोवॉट लागतात आणि चुंबकीय क्षेत्रासाठी नुसतीच ये-जा करणारी शक्ती 60 आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअर याला 80 + 60j लिहितो. j म्हणजे आपला i; i हे अक्षर त्याने प्रवाहासाठी राखलेलं असतं. 80 चा वर्ग अधिक 60 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 100. म्हणजे 80 चं काम करायला तारांमधून 100 चा भार न्यावा लागतो; 80 भागिले 100, हा पॉवर फॅक्टर 0.8. कपॅसिटर बसवून 60 चे 20 केले की भार साधारण 82.5 वर येतो आणि पॉवर फॅक्टर 0.97 वर. जे वर्गमूळ भास्कराचार्याने नाकारलं आणि ज्याला पाठ्यपुस्तक ‘काल्पनिक’ म्हणतं, त्याचा भुर्दंड रुपयांत भरावा लागतो. श्टाइनमेत्सने ही रीत 1893 मध्ये वीजशास्त्रात आणली. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून जी वीज बाहेर पडली तिचा हिशेबही याच संख्यांत होतो.

दुसरं कारण संगणक. एक दशांश ही संख्या दोनाच्या पटीत लिहिताना कधी संपतच नाही, म्हणून बहुतेक संगणकी भाषा 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 देतात. यंत्रातला ‘वास्तव’ म्हणजे वास्तव संख्यांचं एक तोकडं प्रतिरूप, आणि हे विसरल्याची किंमत मोठी असते. 4 जून 1996 ला एरियन 5 रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत हवेतच फुटलं, कारण 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली. एका व्यवस्थेतून दुसरीत जाण्याचा रस्ता कोणीतरी न तपासता घेतला. सिद्धता तपासणारी ‘लीन’सारखी प्रणाली म्हणूनच नैसर्गिक 2 आणि वास्तव 2 यांना वेगळं मानते आणि मधला रस्ता दर वेळी नोंदवून ठेवते. तिथे नैसर्गिक संख्यांत 3 − 5 विचारलं तर उत्तर 0 मिळतं. आपल्या दुसरीच्या बाई ‘जात नाहीत’ म्हणतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. पण याच प्रणालीत पेटर शोल्त्सेने डिसेंबर 2020 मध्ये तपासायला ठेवलेली एक अवघड सिद्धता जुलै 2022 मध्ये तपासून पूर्ण झाली. तेव्हा ‘तेच’ म्हणजे नेमकं काय हा प्रश्न आता तत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही.

हे पुस्तक पालघर, बोईसर आणि डहाणू परिसरातल्या गणित शिक्षकांशी झालेल्या बोलण्यातून उभं राहिलं. त्यांच्या वर्गांत घरी मराठी, वारली, गुजराती, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. म्हणून भाषा सोपी ठेवली आहे आणि परिभाषा शक्य तिथे पाठ्यपुस्तकातली. रचना मात्र पाठ्यपुस्तकासारखी नाही. नैसर्गिक संख्यांपासून पायरी पायरीने चढत न जाता प्रत्येक भाग एक रस्ता घेतो, त्यावरून एखादा गुण नेऊन पाहतो आणि तो पलीकडे पोचतो का ते बघतो. काही रस्ते उलटे आहेत, पूर्णांकांकडून घड्याळी गणिताकडे जाणारे, जिथे माहिती मुद्दाम टाकून दिली जाते. मोबाइलवरच्या व्यवहारांची गुप्तता अशाच सांत व्यवस्थांवर टिकते. अनंतसूक्ष्म संख्या आणि कॉन्वेच्या संख्या यांना फक्त स्पर्श केला आहे. तो विषय आकर्षक आहे, पण त्यात शिरलं की बाहेर पडवत नाही.

दहावीचं बीजगणित येत असेल तर पहिली दोन तृतीयांश पानं अडणार नाहीत. p च्या राज्यातला भाग पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. उदाहरणांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत. बहुतेकांची उत्तरं कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात पडताळता येतात, आणि जी अनुत्तरित आहेत त्यांच्यापुढे तसं लिहिलं आहे. शिक्षकांनी या उदाहरणांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटाव्यात. त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही.